स्पोर्ट बाइकच्या पुढच्या पिढीकडून काय मागायचं? शोरूममधली यादी आणि गॅरेजमधली यादी

प्रश्न विचारणारे कासारवडवलीला राहतात, ऐरोलीला नोकरीला जातात, वजन 68 किलो, हाताशी सहा वर्षं वापरलेली यामाहाची आर15 व्ही3, म्हणजे आर15 ची तिसरी आवृत्ती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "नव्या स्पोर्ट बाइक येताहेत. विंगलेट (बाजूचे छोटे पंख), क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय), मोठा टीएफटी डिस्प्ले, काय काय. आत्ता 400-450 सीसीची घेऊ की दोन वर्षं थांबू? आणि आपण रायडर लोकांनी कंपन्यांकडून नक्की मागायला काय हवं?" सोबत त्यांनी गाडीचा फोटो टाकलाय. त्याबद्दल शेवटी बोलतो, कारण त्यात एक गोष्ट दिसतेय.

माझं ठाण्यात वागळे इस्टेटला गॅरेज आहे. 1998 साली हेल्पर म्हणून लागलो तेव्हा आरएक्स 100 चे कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुऊन द्यायचं काम होतं. 2008 मध्ये पहिली आर15 आली आणि दीडशे सीसीच्या गाडीला रेडिएटर बघून आमचे उस्ताद म्हणाले होते, "आता हिला पाणीपण पाजायचं का?" आज माझ्या शेडमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत निम्म्याहून जास्त फेअरिंगवाल्या, म्हणजे इंजिनावर प्लास्टिकचं आवरण असलेल्या, असतात. मी रेसर नाही, डिझाइन इंजिनिअर तर नाहीच नाही. पण गाडी घेतल्यावर सहा महिन्यांनी माणूस काय बोलतो ते मी रोज ऐकतो.

तिथेच तुमच्या प्रश्नाची मेख आहे. माणूस शोरूममध्ये एक यादी घेऊन जातो आणि माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या हातात दुसरीच यादी असते. पहिल्या यादीत पीएस (पॉवरचं माप), टॉप स्पीड, डिस्प्ले, आवाज. दुसऱ्या यादीत मनगट, गुडघ्याला लागणारी गरम हवा, खड्ड्यात बसणारा दणका, न मिळणारा पार्ट आणि "घरचे मागे बसायला तयार नाहीत." इतक्या वर्षांत गाडीला पॉवर कमी पडते अशी तक्रार घेऊन आलेले लोक मी दोन्ही हातांच्या बोटांवर मोजू शकेन, आणि त्यातल्या निम्म्यांचा एअर फिल्टर चोक झालेला होता. पुढची पिढी या दुसऱ्या यादीवरून बनवा, एवढंच माझं मागणं आहे. पुढचं सगळं त्याचं स्पष्टीकरण.

आधी पॉवरचं उरकतो, कारण वाद तिथेच होतात. सध्याच्या आर15 व्ही4 चे आकडे घेऊ: 10,000 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 18.4 पीएस आणि 7,500 ला 14.2 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ताकद. पीएस काढायचं सोपं गणित आहे, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले सात हजार. आता संध्याकाळी साडेसातला कापूरबावडीहून मानपाड्याकडे निघा. सुई तीन-चार हजारांच्या वर जाते का? चार हजारांवर, तो 14.2 चा टॉर्क पुरेपूर मिळाला असं धरलं तरी हिशेब आठ पीएसवर थांबतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच. म्हणजे तुम्ही अठरा पीएसचे हप्ते भरता आणि घोडबंदर रोडवर आठसुद्धा वापरत नाही. मेट्रोचे बॅरिकेड, सर्व्हिस रोडचे जोड, गायमुखच्या चढावर रांगेत लागलेले कंटेनर, यांच्यात दहा हजार आरपीएम कुठे काढणार? म्हणून नव्या गाडीकडून मागायचं ते खालच्या आणि मधल्या आरपीएमला भरलेलं इंजिन. वरचे दोन-तीन पीएस गेले तरी चालतील. दोन सिलिंडरच्या नव्या गाड्या इथेच पुढे आहेत. थर्डमध्ये तीस-पस्तीसच्या स्पीडला थ्रॉटल उघडला तर गाडी कुरकुरत नाही, सरळ ओढते.

आता मनगट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

कळव्याचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आला, "क्लच जड झालाय" म्हणून. केबल बदलली होती, तेल घातलं होतं, लिव्हर माझ्या हाताला लोण्यासारखा लागत होता. त्याला म्हटलं, गाडीवर बस आणि रोज बसतोस तसं हँडल धर. बसला. कोपरं ताठ, खांदे कानांना लागलेले, तळहाताचा करंगळीकडचा भाग ग्रिपवर दाबून पांढरा पडलेला. सगळं वरचं अंग दोन तळहातांवर तोललेलं. असा माणूस विटाव्याच्या पुलाखालून दिघ्यापर्यंत दीडशे वेळा क्लच दाबणार, मग क्लच जड नाही तर काय लागणार? त्याला गुडघ्यांनी टाकी धरायला आणि पोटाने अंग तोलायला शिकवलं. फरक पडला, पण अर्धाच. उरलेला अर्धा दोष हँडलच्या जागेचा होता.

दोन तुकड्यांचं क्लिप-ऑन हँडल टॉप योकच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्या धरणाऱ्या वरच्या क्लॅम्पच्या, खाली लावलं की गाडी रेससारखी दिसते, आणि वेगात त्याचा खरा उपयोगही आहे. शंभरच्या पुढे समोरून येणारा वारा छातीला उचलतो आणि मनगटावरचा भार उतरतो. तीसच्या स्पीडला तो वारा नसतो. म्हणजे ट्रॅकसाठी आखलेली बैठक शहरात जास्त त्रास देते, आणि आपण ऐंशी टक्के वेळ शहरात असतो. यावर उपाय अवघड नाही. हँडल योकच्या वर दोन-तीन सेंटिमीटर उचललेलं द्या, किंवा दोन जागी बसवता येईल असा क्लॅम्प द्या. फूटपेगलाही दोन भोकं पाडून ठेवा. रविवारी माळशेजला जायचं त्याने खाली लावावं, सोमवारी ऐरोलीला जायचं त्याने वर. माझ्या शेडमध्ये हे काम अर्ध्या तासाचं आहे. कंपनीने सोय ठेवली नसेल तर मात्र लोक हँडल उचलायला बाहेरचे राइझर लावतात, मग ब्रेकचा होज ताणला जातो, हँडल पूर्ण वळवलं की फेअरिंगला घासतं, आणि ते सगळं निस्तरायला माझ्याकडेच येतं.

बैठकीचाच पोटविषय म्हणजे मागची सीट. हा विषय काढला की तरुण मंडळी हसतात. पण आर15 चाच इतिहास बघा. 2011 च्या व्ही2 ला शेपूट वर गेलं, सीट दोन तुकड्यांत झाली. दिसायला झकास. 2015 मध्ये त्याच कंपनीला एकसंध सीटची आर15एस वेगळी आणावी लागली, आणि 2021 मध्ये व्ही3 वरही तीच चाल पुन्हा खेळावी लागली. मागणी नसती तर कोणी दोनदा असा खटाटोप केला असता का? आपल्याकडे गाडी एकट्याची क्वचितच असते. आईला दवाखान्यात न्यायचं असतं, बहिणीला स्टेशनवर सोडायचं असतं. आपल्या कायद्यात साडी गार्ड सक्तीचा आहे, तो काही उगाच नाही. नवी गाडी घेतल्यावर लोक पहिल्या सर्व्हिसिंगलाच तो काढून टाकायला सांगतात. मी काढत नाही, आणि त्यावरून माझी भांडणं झालेली आहेत.

सस्पेन्शनबद्दल लोक कमी बोलतात, कारण काय मागायचं तेच माहीत नसतं. "शॉकअप कडक आहे" एवढंच सांगतात. मी काय करतो ते सांगतो. मागचं चाक स्टँडवर उचलून मोकळं लटकू देतो. ॲक्सलच्या मध्यापासून शेपटाखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीने खूण करतो आणि टेपने अंतर घेतो. मग गाडी खाली उतरवून माणसाला हेल्मेट-जॅकेटसकट बसवतो, एक पोरगा पुढून हँडल धरतो, मी मागून तेच अंतर पुन्हा घेतो. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या माणसाच्या वजनाने गाडी किती बसली. रस्त्यावरच्या स्पोर्ट बाइकला साधारण 30 ते 35 मिलिमीटर आलं की मी खूश. गेल्या महिन्यात एकाच मॉडेलच्या दोन गाड्या एकाच दिवशी आल्या. एकाचा मालक 55 किलोचा, त्याचं अंतर 19 आलं. दुसरा नव्वदीतला, त्याचं 44. पहिल्याला प्रत्येक पेव्हर ब्लॉक पाठीत जाणवत होता, दुसऱ्याची गाडी घाटातल्या वळणावर होडीसारखी डुलत होती. दोघांचीही तक्रार एकच: "कंपनीने सस्पेन्शन फालतू दिलंय." पाठीमागच्या प्रीलोडच्या रिंगला, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणाऱ्या रिंगला, हूक पाना लावला, एकाची सैल केली, दुसऱ्याची आवळली. दहा मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.

पण पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना, छोट्या गाड्यांत असं काहीच करता येत नाही. सोनेरी उलटे फोर्क मिळतात, आत ॲडजस्टमेंट नसते. सोनेरी रंगाने दणका कमी होत नाही. म्हणून माझी मागणी अशी: फोर्क साधे द्या, काळे द्या, पण प्रीलोड आणि रिबाउंड (दबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडते ते) फिरवता येऊ दे. आणि मॅन्युअलमध्ये वजनाप्रमाणे एक तक्ता द्या, 55 किलोला किती क्लिक, 80 ला किती. टीव्हीएसने 2021 मध्ये अपाची आरआर 310 ला कारखान्यातूनच ॲडजस्टेबल सस्पेन्शनचा किट मागवता येईल अशी सोय केली. ज्याला हवं त्याने पैसे भरून घ्यावं, ही चाल मला आवडली. सगळ्यांच्या गळ्यात सगळं मारण्यापेक्षा हे बरं.

गरमीबद्दल थोडक्यात. मे महिन्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं राहिलं की फॅन सुरू होतो आणि उजव्या पोटरीला हेअर ड्रायर लावल्यासारखं होतं. यात नुसत्या कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस6 नियम लागू झाले. इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापला तरच काम करतो, म्हणून तो इंजिनाच्या जवळ आला, त्यावर बंद फेअरिंग. उष्णता जाणार कुठे? पण ती कुठून बाहेर काढायची हे ठरवणं डिझाइनवाल्याच्या हातात आहे. रेडिएटरच्या मागे एक प्लास्टिकची पन्हळ देऊन हवा खाली, पायाच्या बाहेर वळवता येते. काही गाड्यांत दिलीय, काहींत नाही. टेस्ट राइड मारताना पाच मिनिटं जागेवर गाडी चालू ठेवून उभे राहा. सेल्समन वैतागेल, वैतागू द्या.

आता इलेक्ट्रॉनिक्स. यात एक गोष्ट मला मनापासून हवी आहे, बाकीच्या असल्या तर ठीक.

हवी ती म्हणजे कॉर्नरिंग एबीएस. साधा एबीएस सरळ रेषेत चाक लॉक होऊ देत नाही. पण गाडी वळणात झुकलेली असताना टायरची पकड अर्धी वळण्यात खर्च झालेली असते, ब्रेकसाठी उरते ती कमी. त्या क्षणी सरळ रेषेच्या हिशेबाने ब्रेक लागला तर टायर घसरतो, नाहीतर गाडी उभी होऊन वळणाच्या बाहेर पळते. झुकाव मोजणारा सेन्सर असला की कंट्रोल युनिट तेवढ्या पकडीच्या हिशेबानेच ब्रेक सोडतं. 2014 च्या केटीएम 1190 ॲडव्हेंचरवर हे पहिल्यांदा आलं, तेव्हा ते श्रीमंतांचं खेळणं होतं. 2022 च्या आरसी 390 पर्यंत ते आपल्या आवाक्यात आलं. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास किंवा माळशेजच्या एखाद्या वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी असते, ट्रकमधून सांडलेलं डिझेल असतं, आणि समोरून एसटी अर्ध्या लेनमध्ये आलेली असते. तिथे हात आपोआप ब्रेकवर जातो, माणूस विचार करत नाही. माझ्याकडे टेम्पोत घालून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच अशाच वळणावर पडलेल्या असतात. पाच पीएस कमी करून हे मिळणार असेल तर मी डोळे झाकून घेईन. 250 सीसीच्या वरच्या प्रत्येक स्पोर्ट बाइकला ते असावं.

क्विकशिफ्टर मजेचा आहे, नाही म्हणत नाही. पण खालच्या आरपीएमला तो धक्का देतो आणि शहरात तुम्ही तिथेच असता. त्यापेक्षा असिस्ट-स्लिपर क्लच जास्त कामाचा. त्यात उतरत्या खाचा असतात. इंजिन ओढत असताना त्या प्लेटा आणखी दाबतात, म्हणून स्प्रिंग हलकी चालते आणि लिव्हर मऊ होतो. घाट उतरताना घाईत दोन गिअर पाडले की त्याच खाचा उलट बाजूने प्लेटा सैल करतात आणि मागचं चाक उड्या मारत नाही. एका पार्टने दोन कामं. डिस्प्लेचं एवढंच म्हणणं आहे की आकडे उन्हात दिसावेत आणि बटणं पावसाळी ग्लोव्ह घालून दाबता यावीत. गाणं कुठलं चाललंय हे मला साठच्या स्पीडला कळायची गरज नाही.

विंगलेट. हसू येतं, पण गणित सांगतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. एखाद्या मोठ्या सुपरबाइकचे पंख 270 च्या वेगाला 30 किलो दाब देत असतील, तर त्याच पंखांचा साठच्या वेगाला दाब दीड किलोच्या आसपास. भाजीची पिशवी हँडलला अडकवली तरी तेवढं होतं. आणि लिफ्टच्या बाजूच्या अरुंद पार्किंगमध्ये शेजारच्या ॲक्टिव्हाच्या आरशाने पहिलं तुटतं ते तेच. दिसायला हवे असतील तर घ्या, त्यात लाज नाही. गाडी आवडणं हेही गाडी घेण्याचं कारण असतंच. फक्त त्याला सेफ्टी म्हणू नका.

आणि आता माझ्या पोटात दुखणारी गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूत येत नाही. गाडी उघडता यावी.

साधं कूलंट बदलायचं तर एका बाजूचं फेअरिंग काढावं लागतं. आठ-दहा एलन बोल्ट, चार-पाच पुश क्लिप, आणि मग टाकीच्या कडेला आत लपलेलं एक प्लास्टिकचं लग, जे बोल्ट काढल्यावरही पॅनेलला धरून ठेवतं. ते माहीत नसलेला पोरगा झटका देतो आणि लग तुटतं. बाहेरून काही दिसत नाही. मालक गाडी घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, "पाच हजारांवर पुढून कुर्र्र आवाज येतो." मग आम्ही तुटलेला तुकडा शोधतो, त्याच्या जागी धरतो, फेव्हिक्विकचा थेंब आणि वरून चिमूटभर खायचा सोडा. धूर निघतो, दगडासारखं होतं. ठाण्यातल्या कितीतरी लाखा-लाखांच्या गाड्यांची फेअरिंग आज खायच्या सोड्यावर उभी आहेत. कंपनीने तिथे दोन रुपयांचं रबर ग्रोमेट दिलं असतं तर काम झालं असतं.

पार्टचीही तीच रड. एका कंपनीच्या गाडीचं, नाव घेत नाही, डाव्या बाजूचं पॅनेल माझ्याकडे सात आठवडे आलं नाही. मालक तोवर उघड्या रेडिएटरने फिरत होता आणि एका दगडाने त्या रेडिएटरलाही भोक पाडलं. त्यामुळे गाडी ठरवण्याआधी तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरला जाऊन चार गोष्टींची किंमत आणि वेळ विचारा: क्लच लिव्हर, पुढचं डिस्क पॅड, चेन सेट आणि एका बाजूचं फेअरिंग. तिथला माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून लगेच सांगतोय की "मागवावं लागेल" म्हणतोय, यावरून तुमची पुढची पाच वर्षं कळतात.

इथवर जे मागितलं ते एका वाक्यात गोळा करतो, म्हणजे पुढचं बोलता येईल: मधल्या आरपीएमला भरलेलं इंजिन, बदलता येणारी बैठक, वजनाप्रमाणे बसवता येणारं सस्पेन्शन, झुकलेल्या गाडीचा एबीएस आणि उघडता येणारं फेअरिंग.

हे मिळेल का? मला वाटतं, कारखाने त्याच दिशेला निघालेत, निदान अर्ध्या वाटेवर आहेत. यामाहाची आर6, सहाशे सीसीची चार सिलिंडरची, सोळा हजारांपर्यंत किंचाळणारी गाडी, 2020 नंतर युरोपच्या रस्त्यांवरून गेली. 2021 मध्ये तिच्या जागी आली 689 सीसीची, दोन सिलिंडरची आर7. सुझुकीने जीएसएक्स-8आर आणली, ट्रायम्फने डेटोना 660. सगळ्यांचा रोख एकच, वरची पॉवर कमी, खालची ओढ जास्त. आपल्याकडे एप्रिलिया आरएस 457 बारामतीत बनते, दोन सिलिंडर, 47.6 पीएस. हा 47.6 चा आकडा सारखा दिसतो त्यामागे कारण आहे: युरोपातल्या ए2 परवान्याला 35 किलोवॉटची मर्यादा आहे आणि 35 किलोवॉट म्हणजेच 47.6 पीएस. म्हणजे बारामतीत बनणारी गाडी युरोपातल्या नवशिक्या रायडरचाही विचार करून बनते. आपल्याला त्यात तोटा नाही, फायदाच आहे.

इथे मात्र एक गोष्ट परिस्थितीवर सोडावी लागते, ती म्हणजे खिसा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि 350 च्या वर 40 टक्के. पूर्वी वरच्या गाड्यांवर सेससकट 31 होता. म्हणजे दोन्ही बाजूंमधली दरी एकदम रुंद झाली. माझा अंदाज, आणि हा फक्त अंदाजच समजा, की पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपन्या 350 च्या रेषेच्या आत जास्तीत जास्त मजा कशी बसवता येईल हे बघतील. तुमचं बजेट 400-450 वर ताणलं जात असेल तर थांबण्याला हे एक कारण आहे. ताणलं जात नसेल तर नाही.

पेट्रोलचाही विचार करा. पंपावर आता ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. मला जास्त काळजी आहे ती पावसाळ्यात कव्हर घालून तीन महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांची. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ठाण्याच्या जुलैमध्ये हवेत पाण्याची कमी नाही. रोज चालणाऱ्या तुमच्या गाडीला हा त्रास नाही. फक्त रविवारची दुसरी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. इलेक्ट्रिक स्पोर्ट बाइकबद्दल कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो: अल्ट्राव्हायोलेटची एफ77 मी चालवून बघितलीय. शून्य आरपीएमपासून मिळणारी ओढ हेच तर मी वर मागत होतो, आणि पायाला गरमीही नाही. पण सोसायटीत चार्जिंग पॉइंटला परवानगी मिळवणं हा वेगळाच घाट आहे.

माझं म्हणणं कोणाला लागू नाही हेही सांगतो. जो माणूस वर्षातून चार वेळा गाडी ट्रकवर चढवून चेन्नई किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर नेतो, त्याला खाली वाकलेली बैठक आणि वरची पॉवरच हवी. त्याने माझं ऐकू नये. आपल्याकडे मात्र मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, अटल सेतूवर बंदी. टॉप स्पीड वापरायला कायदेशीर जागाच उरलेली नाही. पाम बीच रोडवर पहाटे काय चालतं ते मला माहीत आहे, त्यातल्या काही गाड्याही माझ्याकडे आलेल्या आहेत. काही परत न्यायला कोणी आलं नाही.

आता तुमचं. एका बाजूचे वीसेक किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस, महिन्यातून एखादा माळशेज, वजन 68. तुम्हाला नवी पिढी येण्याची वाट बघायची गरज मला दिसत नाही. दोन सिलिंडरची किंवा मोठी सिंगल, झुकावाचा एबीएस असलेली गाडी आजही मिळते. अट एकच, टेस्ट राइड रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी सातला मागा, घोडबंदर रोडलाच. शोरूमवाला नाही म्हणाला तर दुसऱ्या शोरूमला जा. अर्ध्या तासाने उतरल्यावर मनगट झटकावंसं वाटलं तर ती गाडी तुमची नाही, मग तिच्यावर कितीही पंख लावलेले असोत. आणि घरी कोणी मागे बसणारं असेल तर त्यांनाही सोबत न्या, त्यांचं मत तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

फोटोबद्दल. तुमच्या आर15 च्या उजव्या फोर्कच्या नळीवर एक काळपट ओलसर रेघ दिसतेय आणि खाली कॅलिपरच्या वर धूळ चिकटलीय. ऑइल सील गेलंय. तेल ओघळत डिस्कवर आणि पॅडवर उतरलं तर ब्रेक लागणार नाही. नवी गाडी घ्यायची तेव्हा घ्या, पण दोन्ही बाजूंची सील आणि डस्ट कव्हर याच आठवड्यात बदला, फोर्क ऑइलही नवीन भरा. पॅडला तेल लागलं असेल तर घासून परत लावू देऊ नका, नवीन टाका. जुने पॅड मेकॅनिककडून मागून घ्या आणि स्वतः नाकाला लावून वास घेऊन बघा, तेलाचा वास लपत नाही.